लोडसेलचं रीडिंग वायफाय सुरू झालं की उडतंय... अ‍ॅनालॉग-डिजिटलचा सप्लाय वेगळा करायचा म्हणजे नक्की काय करायचं?

यंत्रमागी, सोलापूर

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टेरी टॉवेलचे माग आहेत. टेरीला दोन बीम लागतात, एक खालच्या कापडाचा आणि एक वरच्या पाइलचा, आणि पाइलच्या बीमचा ताण जरा इकडंतिकडं झाला की लूप लहानमोठे पडतात आणि माल सेकंड क्वालिटीमधे जातो. आमचा जॉबर हात लावून ताण ओळखतो, पण तो रात्रपाळीला नसतो, म्हणून पाइलच्या रोलरखाली लोडसेल (वजन पडलं की बारीक व्होल्टेज देणारा सेन्सर) बसवून ताण मोबाइलवर दिसेल असं काहीतरी मी बनवतोय.

मांडणी अशी आहे. २४ व्होल्टची एसएमपीएस (पॉवर सप्लाय), त्यातून एलएम२५९६ चं बक मोड्यूल (व्होल्टेज उतरवणारं) ५ व्होल्टला सेट केलेलं, त्या ५ वरच ईएसपी३२ चा वायफायवाला कंट्रोलर बोर्ड आणि लोडसेलचा सिग्नल आकड्यात बदलणारं एचएक्स७११ चं ते छोटं हिरवं मोड्यूल दोन्ही. २४ वरून रिलेमार्फत बीमच्या ब्रेकचा सोलेनॉइड. लोडसेल २० किलोचा, २ मिलीव्होल्ट पर व्होल्ट (दिलेल्या दर व्होल्टला पूर्ण वजनावर २ मिलीव्होल्ट). सगळे मायनस पॅनलमधल्या एका कनेक्टरपट्टीवर आणलेत. अजून सगळं ब्रेडबोर्डवर आहे.

आता प्रॉब्लेम. माग रिकामा असला की रीडिंग शांत असतं, एखाददोन ग्रॅम हलतं तेवढंच. सूत लावून ताण ८ किलोच्या आसपास आणला की वायफायवरून डेटा जाताना दर वेळी ५०-५५ ग्रॅमची उडी येते, आणि ती नेहमी वरच, खाली कधीच नाही. रिले ओढली की त्याहून मोठी उडी पण एकदाच. सगळीकडे वाचतोय की अ‍ॅनालॉगचा सप्लाय वेगळा ठेवा, ग्राउंड वेगळं ठेवा, पण शेवटी एसएमपीएस तर एकच आहे, वेगळं म्हणजे कुठपर्यंत वेगळं? कोणी नीट सांगेल का.

होटगीरोड

सोप्पंय मालक. अ‍ॅनालॉग ग्राउंड आणि डिजिटल ग्राउंड दोन वेगळे करायचे आणि मधे एक फेराइट बीड (हाय फ्रीक्वेन्सी अडवणारा मणी) टाकायचा, ६०० ओहमवाला मिळतो. प्लसच्या लाइनला पण एक बीड. डिजिटलची घाण तिकडंच अडते. आणि एचएक्स७११ च्या तोंडाशी १० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक लाव.

मायक्रोव्होल्ट

बीड मागवायच्या आधी एक सांगा. लोडसेलची ई-मायनसची (एक्साइटेशनच्या मायनसची) वायर नक्की कुठं जोडली आहे, मोड्यूलच्या ई-मायनस पिनवर की कनेक्टरपट्टीवर? आणि एचएक्स७११ चा ग्राउंड पट्टीवरून वेगळा आलाय की ईएसपी३२ च्या ग्राउंड पिनवरून पुढं नेलाय?

विचारायचं कारण म्हणजे तुमच्या लक्षणांतच निम्मं उत्तर आहे. रिकामं असताना उडी नाही, वजन असताना आहे. बाहेरून नॉइज घुसत असता तर रिकाम्यालासुद्धा तेवढाच हलला असता. वजनाच्या प्रमाणात चूक येते म्हणजे शून्य हललेलं नाही, गेन हललाय, आणि लोडसेलमधे गेन (सिग्नल किती पट येतो ते) ठरवतो एक्साइटेशनचा, म्हणजे लोडसेलला चालवणारा व्होल्टेज.

यंत्रमागी

ताई, ई-मायनस पट्टीवर आहे. मोड्यूलच्या ई-मायनस पिनला आणि ग्राउंडला मीटर लावला तर कंटिन्युइटीच आली नाही, म्हणून थेट पट्टीवर नेली. एचएक्स७११ चा ग्राउंड ईएसपी३२ च्या पिनवरून जंपरने घेतलाय, आणि ईएसपीचा ग्राउंड दुसऱ्या जंपरने पट्टीला.

मायक्रोव्होल्ट

झालं मग. काही हिरव्या मोड्यूलवर ती ई-मायनसची पिन खरंच कशालाच जोडलेली नसते, तुम्ही मीटर लावून बघितलं हे उत्तम केलंत.

आता आकडे मांडते, कारण या विषयात आकडे मांडल्याशिवाय नुसती मतं होतात. हिरव्या मोड्यूलवर २० के आणि ८.२ के च्या रेझिस्टरांची जोडी असते, त्यामुळं चिपचा आतला रेग्युलेटर एव्हीडीडी (चिपचा अ‍ॅनालॉग सप्लाय) साधारण ४.३ व्होल्टला धरतो. तेच लोडसेलचं एक्साइटेशन. २ मिलीव्होल्ट पर व्होल्ट म्हणजे २० किलोला ८.६ मिलीव्होल्ट, म्हणजे १ ग्रॅमला ०.४३ मायक्रोव्होल्ट. अर्धा मायक्रोव्होल्टसुद्धा नाही!

एवढ्या बारीक सिग्नलला हे सर्किट मोजू शकतं कारण ते प्रमाण मोजतं. एव्हीडीडीच रेफरन्स आणि एव्हीडीडीच एक्साइटेशन, त्यामुळं एव्हीडीडी हळूहळू थोडा वरखाली झाला तर दोन्हीकडं सारखाच होतो आणि उत्तर तेच राहतं. पण ही सोय कधी टिकते, तर चिप ज्याला शून्य समजते आणि लोडसेल ज्याला शून्य समजतो ते एकच असेल तेव्हा. तुमच्याकडं चिपचं शून्य ईएसपीच्या पिनवर आहे, लोडसेलचं शून्य पट्टीवर, आणि त्या दोघांच्या मधल्या जंपरमधून ईएसपीचा सगळा करंट परत जातोय.

ईएसपी३२ रेडिओ बंद असताना ३०-४० मिलीअँप खातो, रेडिओ नुसता ऐकत बसला तरी १०० च्या आसपास, आणि पाठवतानाचे झटके २४० पर्यंत जातात. एचएक्स७११ सेकंदाला १० रीडिंग देतो त्यामुळं त्याला झटके दिसत नाहीत, त्यांची सरासरी दिसते, धरा १०० मिलीअँपचा फरक. ब्रेडबोर्डचे कॉन्टॅक्ट आणि बारीक जंपर मिळून ०.३ ओहम सहज होतात. ३० मिलीव्होल्ट. चिपचा ग्राउंड पट्टीच्या ३० मिलीव्होल्ट वर उचलला गेला, त्याबरोबर एव्हीडीडी पण उचलला, ई-मायनस मात्र पट्टीवरच राहिला, म्हणजे लोडसेलला ४.३ ऐवजी ४.३३ मिळाले आणि रेफरन्स तोच. ०.७ टक्के जास्त. ८ किलोचे ०.७ टक्के म्हणजे ५६ ग्रॅम, आणि ते वरच्या बाजूलाच.

मल्टिमीटर मिलीव्होल्ट रेंजवर ठेवून एक टोक एचएक्स७११ च्या ग्राउंड पिनवर आणि दुसरं पट्टीवर ठेवा, वायफाय बंद-चालू करून काय येतं ते लिहा.

शेंगाचटणी

वाचतोय. आकड्यांसकट असा प्रतिसाद फार दिवसांनी वाचला.

यंत्रमागी

मोजलं. वायफाय बंद असताना १० मिलीव्होल्ट, चालू केल्यावर ३८ ते ३९ च्या मधे हलतं. म्हणजे २८ चा फरक, आणि २८ भागिले ४३०० गुणिले ८ किलो केलं तर ५२ ग्रॅम! बरोब्बर जुळलं. मी त्या वायरीला वायरच समजत होतो, रेझिस्टर नाही.

आमच्याकडं जुन्या गिरणीतली माणसं सांगतात की पूर्वी एका लाइनशाफ्टवर पट्ट्यांनी बरेच माग चालायचे आणि एक जड माग सुरू केला की बाकीचे क्षणभर दबायचे, तसंच झालं हे, शाफ्ट सामायिक असला की झटका सामायिक.

होटगीरोड

हे पटलं. पण मग ग्राउंड वेगळे करा म्हणतात ते हेच ना? तुम्ही पण तेच सांगताय की ईएसपीचा करंट अ‍ॅनालॉगच्या ग्राउंडमधून जाऊ देऊ नका. मग मधे बीड टाकला तर काय बिघडतं?

मायक्रोव्होल्ट

इथं थोडं थांबून बोलूया, कारण याच जागी बरीच सर्किटं बिघडतात.

पहिली गोष्ट, एचएक्स७११ ची पिनांची यादी बघा. सप्लायच्या पिना वेगळ्या आहेत, व्हीएसयूपी आणि एव्हीडीडी अ‍ॅनालॉगला, डीव्हीडीडी डिजिटलला. ग्राउंड पिन मात्र एकच, एजीएनडी. चिप बनवणाऱ्यानेच ग्राउंड एक ठेवलाय, मग तुम्ही दुसरा डिजिटल ग्राउंड आणून जोडणार कुठं? मोठ्या कन्व्हर्टरांना एजीएनडी आणि डीजीएनडी अशा दोन पिना असतात, पण ती नावं चिपच्या आत कुठला भाग कुठं बांधलाय ते सांगतात, बाहेर तुम्ही तांबं कापा असं सांगत नाहीत. बहुतेक डेटाशीटमधे त्या दोन पिनांमधे ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक चालणार नाही असं स्पष्ट दिलेलं असतं, आणि दोन्ही चिपच्या पोटाखालीच कमीत कमी अंतरात एकाच ग्राउंडला जोडा असं सांगितलेलं असतं.

दुसरी गोष्ट, बीड ग्राउंडमधे टाकलात की एससीके आणि डाउट (एचएक्स७११ च्या क्लॉक आणि डेटाच्या पिना) यांच्या सिग्नलचा परतीचा करंट त्या बीडमधून जाणार. सिग्नलच्या प्रत्येक एजला (चढउताराला) बीडवर व्होल्टेज पडणार आणि चिपचं शून्य हलणार. जी गोष्ट घट्ट बांधायची तीच तुम्ही सैल बांधली.

तिसरी, बीडचे ते ६०० ओहम १०० मेगाहर्ट्झला असतात. एलएम२५९६ चा स्विचिंग १५० किलोहर्ट्झला आहे. तिथं तो बीड जवळपास साधी तार असतो. उलट बीडचा इंडक्टन्स १ मायक्रोहेन्री धरला आणि पुढं १० मायक्रोफॅरड सिरॅमिक, तर रेझोनन्स ५० किलोहर्ट्झच्या आसपास येतो आणि सिरॅमिकचा ईएसआर (आतला रेझिस्टन्स) इतका कमी की ते दाबायला काहीच नाही, म्हणजे त्या भागातला रिपल (सप्लायवरची लाट) कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. प्लसच्या लाइनला बीड लावायला माझी हरकत नाही, वायफायच्या हाय फ्रीक्वेन्सीला तो उपयोगी पण आहे, पण शेजारी ईएसआर असलेला एक इलेक्ट्रोलिटिक लावा म्हणजे रेझोनन्स दबेल. आणि १० मायक्रोफॅरड ६.३ व्होल्टचा बारका सिरॅमिक ५ व्होल्टवर १० राहत नाही, डीसी बायसने बराच उतरतो, कधी निम्म्याच्या खाली. १६ किंवा २५ व्होल्टचा, आकाराने मोठा घ्या.

पार्कचौक_साउंड

ताई, तुमचं बरोबर असेल पण आमचा धंदा साउंडचा आहे, मिक्सर अ‍ॅम्प्लिफायर उघडून दुरुस्त करतो. आमच्यात अनेक वर्षं स्टार ग्राउंड चालत आलंय, प्रीअँपचा ग्राउंड वेगळ्या वायरने, पॉवर स्टेजचा वेगळ्या वायरने, दोन्ही मेन फिल्टर कपॅसिटरच्या मायनसला. तसं केलं नाही तर हम येतो, गड्ड्याच्या यात्रेत एवढे साउंड लागतात तिथं हे कायम बघतो. मग वेगळं करू नका हे सगळीकडं कसं लागू होईल?

मायक्रोव्होल्ट

तुमचं काम अगदी बरोबर आहे आणि ते माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध नाही. तुमच्या अँपमधे भांडण १०० हर्ट्झच्या चार्जिंग करंटचं आणि स्पीकरच्या मोठ्या करंटचं आहे. एवढ्या कमी फ्रीक्वेन्सीला करंट रेझिस्टन्स बघून वाट निवडतो, म्हणून वेगळी वायर दिली की तो त्या वायरनेच जातो. आणि तुमच्या प्रीअँपमधून पॉवर स्टेजकडं जातो तो एकच सावकाश सिग्नल.

डिजिटलमधे तसं नाही. एजचा परतीचा करंट इंडक्टन्स बघतो, म्हणून तो सिग्नलच्या ट्रेसच्या थेट खालून परत यायला बघतो. खालचं तांबं कापलेलं असलं तर त्याला वळसा घालावा लागतो, त्या वळशाचा लूप होतो आणि तोच अँटेना. म्हणून एकाच बोर्डावर कन्व्हर्टर आणि कंट्रोलर शेजारीशेजारी असतील तर अखंड ग्राउंड ठेवायचा, आणि जड करंटवाल्या वस्तू, सोलेनॉइड, रिले, मोटर, त्यांना मात्र तुमच्यासारखी वेगळी वायर सप्लायच्या टर्मिनलपर्यंत.

यंत्रमागींनी विचारलं होतं वेगळं कुठपर्यंत. माझ्या मते प्रश्न असा धरायचा: माझा कन्व्हर्टर कुठल्या दोन बिंदूंची तुलना करतोय, आणि ते दोन बिंदू एकाच तांब्यावर आहेत का? ते असले तर बाकी बरंच माफ आहे.

यंत्रमागी

आता ई-मायनस थेट एचएक्स७११ च्या ग्राउंड पॅडवर सोल्डर करतो. आणि सप्लाय? तोच ५ व्होल्ट चालू ठेवू का?

मायक्रोव्होल्ट

सप्लाय वेगळा करा, इथं वेगळा करण्यात फायदाच आहे आणि खर्च किरकोळ. तुमचा लोडसेल ३५० ओहमचा असणार, ४.३ व्होल्टला १२ मिलीअँप, चिपचे दीड धरा. १४ मिलीअँपसाठी बकची गरजच काय. थेट २४ वरून एक ७८०५ (५ व्होल्टचा साधा रेग्युलेटर) लावा फक्त एचएक्स७११ साठी.

पण २४ च्या लाइनवर सोलेनॉइडचे झटके आणि बकचा रिपल दोन्ही आहेत, आणि ७८०५ चं रिपल रिजेक्शन डेटाशीटमधे १२० हर्ट्झला दिलेलं असतं, तिथं ६०-७० डीबी सहज दिसतं. १५० किलोहर्ट्झला त्यातलं फारसं उरत नाही. हाय फ्रीक्वेन्सीला एलडीओ (कमी ड्रॉपचा रेग्युलेटर) किंवा ७८०५ वर विसंबायचं नाही, ती त्याच्या आधीच मारायची. म्हणून २४ आणि ७८०५ च्या मधे ४७ ओहम सिरीज आणि १०० मायक्रोफॅरड ५० व्होल्टचा ग्राउंडला. ३४ हर्ट्झपासून उतार सुरू होतो. रेझिस्टरवर १ व्होल्ट पण पडत नाही. ७८०५ च्या पुढं-मागं ०.१ आणि ०.३३ चे नेहमीचे कपॅसिटर जवळ ठेवा.

शेंगाचटणी

२४ वरून ५, १९ व्होल्ट ड्रॉप, मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधे ७८०५ टिकेल का? बाहेर ४३-४४ असतं आपल्याकडं, पॅनलच्या आत तर विचारूच नका.

मायक्रोव्होल्ट

चांगला प्रश्न. लोडचे १४ मिलीअँप आणि ७८०५ च्या स्वतःच्या पोटाचे ५, सगळं धरून ०.३७ वॉट. मोठा पॅक हीटसिंकशिवाय वॉटला साधारण ६५ अंश चढतो, म्हणजे २४ अंश. पॅनलमधे ५५ धरले तरी आत ८० च्या आत, त्याला १२५ पर्यंत चालतं. छोटा ७८एल०५ मात्र नको, तो याच वॉटला बराच जास्त तापेल. आणि याच ७८०५ वर ईएसपी३२ लावायचा मोह टाळा, २०० मिलीअँपला ते पावणेचार वॉट होतात. ईएसपीला बकच बरोबर.

अजून एक, आणि हे महत्त्वाचं. हिरव्या मोड्यूलवर व्हीसीसी एकच पिन असते, ५ दिले की डीव्हीडीडी पण ५ होतो आणि डाउटवर ५ व्होल्ट येतात. ईएसपी३२ च्या पिना ३.३ च्या आहेत. ज्या मोड्यूलवर व्हीसीसी आणि व्हीडीडी वेगळ्या पिना आहेत ते घ्या, व्हीसीसीला ७८०५ चे ५ आणि व्हीडीडीला ईएसपीचे ३.३. डिजिटलचा करंट इतका कमी आहे की ३.३ वरून घेतल्याने काही बिघडत नाही. सोलापुरात नाही मिळालं तर पुण्यात तपकीर गल्लीत बघा.

यंत्रमागी

एक शंका. ७८०५ चा ग्राउंड पट्टीवरून येणार, एचएक्स७११ चा ग्राउंड ईएसपीला पण जोडावा लागणार कारण सिग्नल जातात. मग ईएसपीचा थोडा करंट त्याच्या जाड वायरने न जाता एचएक्स७११ वरून फिरून पट्टीला जाईल ना? परत तेच झालं की.

मायक्रोव्होल्ट

जाईल, थोडा जाईलच. पण आता ई-मायनस आणि एजीएनडी एकाच पॅडवर आहेत. तो पॅड ५ मिलीव्होल्ट उचलला गेला तर लोडसेल, चिप, एव्हीडीडी सगळेच एकत्र उचलले जातात आणि तुलना तशीच राहते. म्हणूनच मघाशी म्हटलं, करंट पूर्ण बंद करत बसू नका, दोन बिंदू एकत्र बांधा. ईएसपीची पट्टीपर्यंतची वायर १ स्क्वेअर एमएमची करा, एक मीटर लांबीला १७ मिलीओहम, म्हणजे बहुतेक करंट तिकडूनच जाईल.

फायनल_इयर_ईएनटीसी

मॅडम, उपयोगी धागा आहे म्हणून इथेच विचारतो. आमच्या प्रोजेक्टला एसटीएम३२एफ१०३ कंट्रोलर आहे आणि त्याचाच आतला एडीसी (अ‍ॅनालॉग-डिजिटल कन्व्हर्टर) वापरतोय, शिवाय एक बाहेरचा पण आहे. गाइडनी सांगितलं व्हीडीडीएला (कंट्रोलरच्या अ‍ॅनालॉग सप्लायच्या पिनेला) वेगळा एलडीओ द्या. पीसीबीवर मी ग्राउंड प्लेनचे (ग्राउंडच्या सलग तांब्याचे) दोन तुकडे केलेत, एका ठिकाणी पूल ठेवलाय. पण बाहेरच्या एडीसीच्या एसपीआयच्या (डेटा नेणाऱ्या) चार लाइनी त्या फटीवरून जातात, जागाच नाहीये. चालेल का?

मायक्रोव्होल्ट

फटीवरून एसपीआय नेऊ नका. प्लेन अखंड करा, फट पूर्ण बुजवा. वेगळेपणा तांब्यात आणायच्या ऐवजी जागेत आणा: एका टोकाला सेन्सरचा कनेक्टर, मग अँप्लिफायर, मग कन्व्हर्टर, मग कंट्रोलर, आणि पॉवरचा कनेक्टर कंट्रोलरच्या बाजूला. म्हणजे डिजिटलचा करंट येतो-जातो त्या वाटेत अ‍ॅनालॉगचे पार्ट येतच नाहीत.

व्हीडीडीएचं म्हणाल तर एफ१०३ चं डेटाशीट व्हीडीडी आणि व्हीडीडीए एकाच सोर्सवरून द्या असंच सुचवतं, पॉवर अप होताना दोघांत जास्तीत जास्त ३०० मिलीव्होल्ट फरक चालतो. दोन वेगळे एलडीओ वेगवेगळ्या वेळी वर आले तर हे मोडू शकतं. एकाच ३.३ वरून घ्या, मधे बीड किंवा ५-१० ओहमचा रेझिस्टर, आणि पिनेला लागून १ मायक्रोफॅरड आणि १० नॅनोफॅरड. व्हीडीडीएचा करंट कमी असतो म्हणून रेझिस्टर परवडतो आणि तो रेझोनन्स पण दाबतो, मला बीडपेक्षा तो आवडतो. गाइडना डेटाशीटचं पान दाखवून बोला, ते ऐकतील.

होटगीरोड

रेझिस्टरचं बरं सांगितलंत, घरात पडलेले असतात.

यंत्रमागी

अपडेट देतो. ई-मायनस पॅडवर घेतली, ७८०५ लावला, वेगळ्या पिनांचं मोड्यूल पुण्याहून आणवलं. ८ किलोवर वायफाय चालू-बंद केलं तर आता फरक रीडिंगच्या नेहमीच्या हलण्यातच बसतो, दिसत नाही. पण अधूनमधून एकदम वेडंवाकडं मोठं रीडिंग येतं आणि पुढचं येईपर्यंत जरा वेळ लागतो. आणि रिलेचा झटका अजून आहे.

बिटबँग

ते वेडंवाकडं रीडिंग सप्लायचं नाही, सॉफ्टवेअरचं आहे. एचएक्स७११ ची एससीके ६० मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त वेळ हाय राहिली की चिप झोपते, आणि उठल्यावर रीसेट होऊन परत चॅनल ए, गेन १२८ वर येते, १० च्या रेटला सेटल व्हायला ४०० मिलीसेकंद घेते. वायफायचा इंटरप्ट नेमका पल्सच्या मधे आला की हेच होतं. २५ पल्स देताना तेवढ्यापुरते इंटरप्ट बंद ठेव, पल्स झाले की लगेच चालू. हे सप्लायच्या नॉइजसारखंच दिसतं म्हणून लोक कपॅसिटर वाढवत बसतात.

मायक्रोव्होल्ट

अगदी बरोबर, हे माझ्याकडून आलं नसतं इतक्या नेमकेपणाने.

आता रिले. सोलेनॉइड डीसी आहे, कॉइलच्या दोन्ही टोकांवर डायोड आहे का? असला तरी कुठं आहे, पॅनलमधे की कॉइलपाशी? लांब वायरीच्या या टोकाला डायोड लावला तर सगळी वायर लूपमधे येते. १एन४००७ कॉइलच्या टर्मिनलवरच लावायचा, डायोडवरच्या रेघेची (कॅथोडची) बाजू प्लसला. पण तुमचा हा ब्रेक आहे. नुसत्या डायोडने कॉइलचा करंट हळू उतरतो आणि ब्रेक सुटायला उशीर होतो, बीमच्या ताणासाठी ते बरं नाही. म्हणून डायोडच्या सिरीजमधे उलटा २४ व्होल्टचा झेनर लावा, वॉटेज कॉइलप्रमाणे बघून. करंट लवकर उतरतो आणि रिलेच्या कॉन्टॅक्टवर व्होल्टेज ५० च्या आसपासच थांबतो. मागाच्या मोटरच्या एसी कॉन्टॅक्टरच्या कॉइलला डायोड चालत नाही, तिथं १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड एक्स२ चा स्नबर (झटका शोषणारी जोडी). सोलेनॉइडची मायनस वायर मधे कुठंही न जोडता थेट एसएमपीएसच्या टर्मिनलवर.

पार्कचौक_साउंड

आणि लोडसेलच्या केबलचं शील्ड एकाच टोकाला जोडा, मोड्यूलच्या बाजूला. दोन्ही टोकांना जोडलं तर मागाच्या बॉडीचा अर्थिंगचा करंट शील्डमधून फिरतो. हे आमच्याकडं माइकच्या केबलला रोजचं आहे.

यंत्रमागी

शील्ड मागाच्या बॉडीला पण टेकलेलं होतं, सोडवलं. झेनर उद्या लावतो. अजून एक, पुढं सगळ्या मागांना हेच लावायचं तर प्रत्येक वेळी सूत लावून टेस्ट करणं जमणार नाही. टेबलावर तपासायची काही युक्ती?

मायक्रोव्होल्ट

खोटा लोडसेल बनवा. १ के च्या चार १ टक्केवाल्या रेझिस्टरांचा ब्रिज, आणि एका हाताला २२० के पॅरलल. त्याने १.१३ मिलीव्होल्ट पर व्होल्ट येतात, तुमच्या २० किलोच्या सेलवर ते सव्वाअकरा किलोच्या आसपास दिसेल, रेझिस्टरांच्या टॉलरन्समुळं आकडा बराच इकडंतिकडं असेल पण तो स्थिर हवा. नुसता बॅलन्स ब्रिज वापरू नका, त्यावर शून्य येतं आणि शून्यावर ही एक्साइटेशनची चूक दिसतच नाही, ते तुम्ही रिकाम्या मागावर बघितलंच आहे. ब्रिज मोड्यूलला जोडून वायफाय पाठवत ठेवा, रिले वाजवत ठेवा, आकडा हलला तर दोष बोर्डावर. टेबलावर शांत आणि मागावर हलला तर केबल नाहीतर शील्ड. आणि ज्यांच्याकडं ऑसिलोस्कोप आहे त्यांनी ५ व्होल्टचा रिपल बघताना प्रोबची ती लांब क्रोकोडाइल क्लिप काढून छोटी स्प्रिंग लावावी, नाहीतर क्लिपचा लूपच बकचा नॉइज पकडतो आणि जे बोर्डावर नाही ते स्क्रीनवर दिसतं.

फायनल_इयर_ईएनटीसी

प्लेन अखंड केला, प्लेसमेंट बदलली. लेआउट टाकू का इथे?

मायक्रोव्होल्ट

टाका. प्रत्येक रेग्युलेटरपासून चिपपर्यंत लाल बाण आणि परतीला निळा बाण काढून टाका, निळे बाण जिथं अँप्लिफायरच्या खालून जाताना दिसतील तेवढेच बघू.